आयल रॉयलला कॅनू, गळ आणि सॅक घेऊन निघालात? या चुका टाळा

अमेरिकेतल्या लेक सुपीरियर या अफाट तळ्याच्या वायव्य भागातलं आयल रॉयल हे बेट पंचेचाळीस मैल लांब आणि जेमतेम नऊ मैल रुंद आहे. बेटावर रस्ता नाही, गाडी नाही, फोनला रेंज नाही. 1940 साली ते राष्ट्रीय उद्यान झालं आणि 1976 पासून तिथली जवळजवळ सगळी जमीन कायद्याने रानासाठी राखीव आहे. 16 एप्रिल ते 31 ऑक्टोबर एवढाच काळ उद्यान उघडं असतं, नंतर पूर्ण बंद. दर वर्षी उन्हाळ्याआधी मला विचारणा सुरू होतात आणि दर वर्षी धक्क्यावर त्याच चुका पाहायला मिळतात. नवख्या माणसाला माहिती नसते म्हणून त्या होतात असं मला वाटत नाही, माहिती भरपूर उपलब्ध आहे. तासभर वाचवायचा असतो, म्हणून होतात.

"पोर्टेज कशाला, बाहेरून जाऊ"

या एका चुकीबद्दल मी सविस्तर लिहिणार आहे, कारण ती माणसाच्या जिवावर बेतते.

बेटाच्या ईशान्य भागात आतल्या तळ्यांची साखळी आहे: चिकनबोन, लिव्हरमोर, लसाज, रिची, इंटरमीडिएट, सिस्किविट, वुड, व्हिटलसी. दोन तळ्यांच्या मधे पोर्टेज, म्हणजे कॅनू, ती वल्ह्याची हलकी होडी, डोक्यावर घेऊन पायी जायची वाट. मॉस्की बेसिन या सुपीरियरच्या आत घुसलेल्या फाट्यापासून रिची तळ्यापर्यंतचं पोर्टेज दोन मैलांच्या वर आहे, आणि त्यात चढ आहे. तिथपर्यंत आलेला दमलेला माणूस नकाशा उघडतो आणि त्याला दिसतं की मोठ्या तळ्यातून, म्हणजे सुपीरियरमधून, किनाऱ्याकिनाऱ्याने गेलं तर चिपेवा हार्बरची खाडी अगदी पलीकडेच आहे. एकदाही कॅनू उचलावी लागणार नाही!

एका जुलैत डेझी फार्म या कॅम्पच्या धक्क्यावर दोन तरुण भेटले. डेट्रॉइटकडचे, आपलेच मराठी, अंगाने तगडे, पोहता येणारे. त्यांना चिपेवा हार्बरला जायचं होतं. डेझी फार्मच्या समोरच बाहेरच्या बेटांमधली फट आहे, मिडल आयलंड्स पॅसेज, तिच्या तोंडाशी जुनं दीपगृह. त्या फटीच्या आत रॉक हार्बरचं आडोशाचं पाणी, बाहेर उघडं सुपीरियर. मी म्हटलं, "बाहेर पडू नका. मॉस्कीला जा, पोर्टेज करा, उद्या आरामात पोचाल."

"पण काका, पाणी बघा ना, हलतसुद्धा नाहीये."

खरंच हलत नव्हतं. अकराच्या सुमाराला ते निघाले. आम्ही पोर्टेजने गेलो, रात्री रिचीवर राहिलो, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी चिपेवा हार्बरला पोचलो. ते दोघे तिथे नव्हते. खाडीत नांगर टाकून थांबलेल्या एका मोटरबोटीच्या मालकाला सांगितलं, त्याने रेडिओवर सोळा नंबरच्या चॅनेलवरून कळवलं, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी रेंजरच्या बोटीला ते काँग्लोमरेट बेमध्ये सापडले. बाहेर पडल्यावर तासाभरातच त्यांना धुक्याने गाठलं होतं. पाठोपाठ वारा सुटला. किनारा खडकांचा, त्यामुळे येणारी लाट आणि खडकावर आपटून परतणारी लाट यांच्या मधे कॅनू सापडली. उतरताना एक जण छातीपर्यंत पाण्यात गेला. एक वल्हं वाहून गेलं. त्याने मला नंतर सांगितलं ते अजून डोक्यातून जात नाही: कोरडे कपडे सॅकमधे होते, पण सॅकचं बक्कल उघडायला बोटं वळत नव्हती. मित्राने दातांनी पट्टा ओढून ते सोडवलं. दोघांच्या अंगात लाईफ जॅकेट होती, म्हणून ही गोष्ट सांगण्याजोगी राहिली. परतीची बोट चुकली, ते सोडून द्या.

आता कारणं. सुपीरियर साडेतीनशे मैल लांब आहे, वाऱ्याला मोकळं मैदान मिळतं आणि लाट उभी राहायला वेळ लागत नाही. पाणी भर उन्हाळ्यातही उघड्यावर गारच असतं. त्यात पडलेल्या माणसाचा पहिला मिनिट श्वास सावरण्यात जातो, पुढची दहाएक मिनिटं हातपाय ऐकतात, नंतर ऐकत नाहीत. पोहता येणं तिथे फारसं कामाला येत नाही. धुक्याचंही कारण हेच गार पाणी: दक्षिणेकडची ओलसर गरम हवा त्याच्यावर आली की जून-जुलैत भर दुपारी किनारा दिसेनासा होतो. सकाळचं शांत पाणी दुपारबद्दल काहीही सांगत नाही.

माझी सवय साधी आहे. रॉक हार्बरच्या आतल्या पाण्यातसुद्धा सहाच्या आत वल्हं पाण्यात आणि दहा-साडेदहाला कॅनू किनाऱ्यावर. लाटांच्या माथ्यावर पांढरा फेस दिसायला लागला की त्या दिवसाचं वल्हवणं संपलं, मग कॅम्प चार मैलांवर असला तरी. मधून आरपार न जाता नेहमी किनारा धरून. आणि पोर्टेज नकोच असेल तर पैसे मोजा: बेटाला वळसा घालणारी प्रवासी बोट आणि रॉक हार्बरची वॉटर टॅक्सी, दोन्ही कॅनूसकट लांबच्या धक्क्यांवर सोडतात. त्यात काहीही कमीपणा नाही.

पोर्टेज एका फेरीत उरकण्याचा हट्ट

पाठीवर सॅक, डोक्यावर कॅनू, हातात गळाच्या काठ्या. असा माणूस पहिल्या मुळाला अडखळतो आणि घोटा मुरगळतो. कॅनू डोक्यावर असताना समोर जेमतेम दहा फूट जमीन दिसते. मी आधी सॅक पोचवतो, मोकळ्या हातांनी परत येतो, मग कॅनू उचलतो. पहिल्या फेरीत वाट पाठ होते: कुठे चिखल आहे, कुठे दोन फळ्यांचा पूल ओला आहे, कुठे आडव्या फांदीला कॅनूचं टोक लागेल. वल्ही आडव्या पट्ट्यांना बांधून टाका, हातात काही ठेवू नका. खांद्यावरच्या जोखडाला गादी हवीच. आणि कॅनूची चाकाची गाडी घरीच ठेवा, रानात चाकं चालवायला परवानगी नाही.

पाण्यात गोळी टाकली की झालं, हा समज

दुसरी चूक जी बघून माझा जीव वर-खाली होतो. सह्याद्रीत फिरलेली मंडळी क्लोरीनच्या गोळ्यांची पट्टी घेऊन येतात आणि त्यावर निर्धास्त असतात. या बेटावर लांडगे आणि मूस, म्हणजे घोड्याएवढी मोठी हरणं, आहेत. 1958 पासून त्यांचा सलग अभ्यास चालू आहे, शिकारी आणि सावजाचा इतका दीर्घ अभ्यास जगात दुसरीकडे झालेला नाही. या दोघांच्या मधे एक पट्टकृमी फिरतो, हायडॅटिड. लांडग्याच्या विष्ठेतून त्याची अंडी पाण्यात आणि गवतावर जातात, मूसच्या फुप्फुसात त्याच्या गाठी होतात, लांडगा मूसला खातो आणि चक्र पुन्हा सुरू. अंडी माणसाच्या पोटात गेली तर तशाच गाठी माणसाच्या यकृतात आणि फुप्फुसात होऊ शकतात. या अंड्यांवर गोळ्यांचा भरवसा नाही. अतिनील दिव्याच्या पेनवरही विसंबू नका. 0.4 मायक्रॉन किंवा त्याहून बारीक छिद्रांचा फिल्टर, नाहीतर खळखळून उकळी. दोनच उपाय आहेत, तिसरा नाही.

फिल्टर नेणारेही एक चूक करतात. गढूळ पाण्याची पिशवी आणि स्वच्छ पाण्याची बाटली एकाच खिशात, झाकणाला झाकण लावून. ओल्या हाताने पिशवी भरायची आणि त्याच हाताने बाटलीचं तोंड पुसायचं. मी गढूळ पाण्याच्या पिशवीला लाल चिकटपट्टी गुंडाळतो आणि ती सॅकच्या डाव्या बाहेरच्या खिशाशिवाय कुठेही ठेवत नाही. मे आणि सप्टेंबरच्या रात्री पारा गोठणबिंदूच्या खाली जातो. बारीक नळ्यांचा फिल्टर एकदा गोठला की आतून तडकतो आणि बाहेरून काहीच कळत नाही, म्हणून थंडीत तो माझ्याबरोबर स्लीपिंग बॅगमधे झोपतो.

आणखी एक: उन्हाळ्याच्या उत्तरार्धात आतल्या तळ्यांवर कधी हिरवट, रंग सांडल्यासारखी साय येते. ते निळे-हिरवे जिवाणू. त्यांचं विष फिल्टरने निघत नाही, उकळूनही जात नाही. ते पाणी सोडा आणि दुसरीकडे जा. अशा तळ्याकाठी मुक्काम असेल तर पाणी आधीच्या ठिकाणाहून वाहून आणा, जड वाटलं तरी.

मासेमारीतल्या चुका

आतल्या तळ्यांत आणि ओढ्यांत परवाना लागत नाही. सुपीरियरच्या पाण्यात मिशिगनचा परवाना लागतो. इथे गोंधळ होतो, कारण मॉस्की बेसिन, चिपेवा हार्बर, मकार्गो कोव्ह या जागा बघायला तळ्यासारख्या शांत वाटतात. पण ते सुपीरियरचेच फाटे आहेत. परवाना मुख्य भूमीवरच काढा.

आतल्या तळ्यांत जिवंत किंवा सेंद्रिय आमिष चालत नाही, गांडुळं घरी ठेवा. कृत्रिम आमिष, आणि गळाला उलटा काटा नको. उलटे काटे पकडीने घरीच दाबून ठेवा, धक्क्यावर बसून, डास अंगावर घेत ते काम होत नाही. गेल्या तळ्याचं पाणी गळ, जाळी आणि कॅनूच्या तळाशी घेऊन येऊ नका. सगळं धुऊन, निथळून, वाळवून आणा. परके जीव एकदा या तळ्यांत शिरले की ते काढायचा मार्ग कुणाकडेही नाही.

चिकनबोन आणि रिचीत पाईक हा दातेरी मासा भरपूर आहे. त्याचे दात लाईन कापतात, तरी लोक साधी नायलॉनची लाईन थेट स्पूनला, म्हणजे चमच्यासारख्या धातूच्या आमिषाला, बांधतात आणि मासा, स्पून दोन्ही घालवतात. मासा तोंडात गळ घेऊन फिरत राहतो, मला त्याचं वाईट वाटतं. लाईन आणि आमिषाच्या मधे हातभर तारेचा तुकडा, म्हणजे लीडर, लावा, दोन मिनिटांचं काम आहे. सिस्किविट तळ्यात लेक ट्राउट आहे, पण ऑगस्टच्या दुपारी काठावरून गळ फेकत बसलेल्याला तो मिळणार नाही, तेव्हा तो खोल गार पाण्यात असतो. जूनच्या सुरुवातीला, पहाटे, या. ब्रूक ट्राउट लागला तर त्याला हात ओले करून, पाण्याबाहेर न काढता सोडून द्यायचं. फोटो काढायचा नाही.

सॅक, कडा आणि नकाशावरचे मैल

ग्रीनस्टोन रिज ही डोंगरधारेवरची वाट चाळीस मैलांची. माथ्यावर उन्हात चालायचं आणि पाणी खाली तळ्यांवर, हे नकाशा नीट पाहिला की कळतं. दोन लिटरपेक्षा कमी पाणी घेऊन कड्यावर चढू नका.

दुसरी धार मिनॉन्ग रिज, ती तीसेक मैलांची, म्हणून नवखे तीच निवडतात. तिथले मैल वेगळे आहेत. उघडा खडक, चढ-उतार, दगडांच्या ढिगाऱ्यांवरून शोधायची वाट, बीव्हर या प्राण्याने ओढ्यांवर घातलेल्या बांधांवरून तोल सांभाळत जायचं. उत्तर डेझोर कॅम्प ते विंडिगोचा धक्का हा शेवटचा टप्पा साडेबारा मैलांच्या आसपास आहे आणि मधे कॅम्प नाही. सह्याद्रीतल्या वेगाने हिशेब करू नका. मी तिथे तासाला दीड मैल धरतो आणि तेवढ्यातच पोचतो.

बाकी, थोडक्यात

सी-प्लेनमधे, म्हणजे पाण्यावर उतरणाऱ्या विमानात, स्टोव्हचं इंधन नेता येत नाही. रॉक हार्बर किंवा विंडिगोच्या दुकानातून घ्या. लाकडावर स्वयंपाक करू म्हणून स्टोव्ह न आणणं ही चूकच, कारण बऱ्याच कॅम्पवर शेकोटी पेटवायला परवानगी नाही.

बेटावर अस्वलं नाहीत, म्हणून खाणं उघडं ठेवलं तरी चालेल असं समजू नका. कोल्हे आणि खारी फार हुशार आहेत. कोल्हा बूटसुद्धा पळवतो, बूट तंबूत घ्या.

सहा जणांपर्यंत मुक्कामाचा परवाना बोटीवर किंवा धक्क्यावर मिळतो. सात ते दहा जणांना आधी आरक्षण करावं लागतं. आपल्या आठ-नऊ जणांच्या कंपूने दोन तुकड्या असल्याचं सांगून एकत्र राहणं नियमाविरुद्ध आहे, आणि सहा जणांच्या जागेत नऊ जण शिरले की शेजारच्या तंबूवाल्याची रात्र जाते.

कुत्रा आणता येत नाही, बोटीवर ठेवूनसुद्धा नाही.

सप्टेंबरमधे मूसचा नर माजावर असतो. वाट त्याची समजा, थांबा, लांब राहून झाडाआड व्हा.

परतीच्या दिवशीच विमान किंवा कामावर हजर व्हायचं असं ठरवू नका. धुकं आलं की सी-प्लेन उडत नाही, वारा असला की बोटही थांबते. मी शेवटची रात्र धक्क्याच्याच कॅम्पवर काढतो आणि एक दिवसाचं खाणं जास्त ठेवतो. मिनेसोटातल्या ग्रँड पोर्टेज या गावाकडून येणाऱ्यांनी घड्याळाकडेही लक्ष द्यावं. मिनेसोटाचा किनारा सेंट्रल वेळेवर चालतो आणि बेट ईस्टर्न वेळेवर, म्हणजे तासभर पुढे. फोनला रेंज नसल्यामुळे तो स्वतःहून वेळ बदलत नाही. बोटीवर चढतानाच घड्याळ एक तास पुढे करा, आणि परतीच्या वेळापत्रकात छापलेली वेळ कुठली आहे ते तिथल्या माणसाला विचारून तिकिटावर पेनने लिहून ठेवा.