बेसमेंटचं घर घेताय? रेडॉन मोजून घ्या

अमेरिकेत घर शोधताना शाळा, टॅक्स आणि ऑफिसचं अंतर यांची चौकशी आपण सगळेच करतो. रेडॉन या किरणोत्सारी वायूशी मात्र पहिली गाठ पडते ती थेट इन्स्पेक्शनच्या वेळी, आणि सह्यांच्या घाईत तो मुद्दा मागे पडतो. आपल्याकडे बेसमेंट रिकामं क्वचितच राहतं. मुलांची खेळायची जागा तिथे, घरून कामाचं टेबल तिथे, आणि आई-बाबा सहा महिने आले की त्यांचं बिऱ्हाडही तिथेच. घरात रेडॉन सहसा सर्वांत जास्त असतो तोही तिथेच.

जमिनीतल्या युरेनियमचा ऱ्हास होत होत हा वायू तयार होतो. थंडीत घरातली गरम हवा वर निसटते आणि त्या ओढीने तो बेसमेंटच्या जमिनीच्या स्लॅबमधल्या भेगांतून, साचलेलं पाणी बाहेर काढणाऱ्या संप पंपच्या खड्ड्यातून आत येतो. त्याला रंग नाही, वास नाही. खोकला, डोकेदुखी असलं लक्षणही नाही, त्यामुळे मोजल्याशिवाय पत्ता लागत नाही. सिगारेट न ओढणाऱ्यांमध्ये फुफ्फुसाच्या कर्करोगाचं पहिलं कारण रेडॉन आहे. ओढणारे आणि न ओढणारे मिळून रेडॉनमुळे देशात दर वर्षी सुमारे २१,००० मृत्यू होतात, असा ईपीएचा (अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेचा) अंदाज आहे.

१९८४ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या लिमरिक अणुऊर्जा प्रकल्पात काम करणारे स्टॅन्ली वॉट्रस आत शिरले तरी किरणोत्साराचा गजर वाजायचा. शोध घेतल्यावर कारण त्यांच्या राहत्या घरात सापडलं: लिटरभर हवेमागे सुमारे २,७०० पिकोक्युरी (किरणोत्साराचं एकक) रेडॉन! ईपीएच्या मते याच मापात ४ किंवा त्याहून जास्त आकडा आला की उपाय करावा. २ ते ४ मध्येही विचार करावा.

"शेजाऱ्यांकडे कमी आला, म्हणजे आपल्याकडेही कमीच" हे ऐकून गप्प बसू नका. एकाच बिल्डरच्या, भिंतीला भिंत लागून असलेल्या घरांचे आकडेही वेगळे येतात. घर नवं आहे, हीसुद्धा हमी नव्हे.

टेस्ट किट घरच्या घरी लावता येतं. ज्या सर्वांत खालच्या मजल्यावर वावर आहे तिथे, जमिनीपासून किमान २० इंच उंच ठेवा. स्वयंपाकघर, बाथरूम आणि खिडकीची झुळूक टाळा. कमी मुदतीच्या टेस्टला निदान ४८ तास लागतात. त्याआधी १२ तास आणि टेस्ट संपेपर्यंत दारं-खिडक्या बंद. ये-जा केली तर चालते. मग किट लगेच लॅबला पाठवा, आठवडाभर टेबलावर ठेवलं तर निकालाचा भरवसा राहत नाही. वर्षभराची सरासरी हवी असेल तर ९० दिवसांहून जास्त चालणारी टेस्ट करा. विकणाऱ्याने दिलेला जुना रिपोर्ट वाचा जरूर, पण आपली टेस्ट सोडू नका.

आकडा ४ किंवा जास्त आला तर घाबरून सौदा मोडायची गरज नाही. दुसरी टेस्ट करून खात्री करा, मग प्रमाणित कंत्राटदार बोलवा. स्लॅबखालून पाइप घालून फॅनने वायू छपराच्या वर सोडतात. नुसत्या भेगा बुजवून भागत नाही. फॅन लागल्यावर पुन्हा मोजा, आणि पुढे दर दोन वर्षांनी. पाइपवर यू आकाराची, रंगीत द्रव भरलेली नळी असते. तिच्या दोन्ही बाजूंची पातळी सारखी दिसली, तर फॅन बंद पडलाय असं समजून कंत्राटदाराला फोन करा.