गॅरी न्यूमन ऐकायचा तर कुठून धरायचा

ट्यूबवे आर्मी या त्याच्या बँडच्या नावाने निघालेले पहिले दोन धरले, तर सिंथेसायझरवर गाणी रचणाऱ्या गॅरी न्यूमन या ब्रिटिश गायकाचे स्टुडिओ अल्बम वीसच्या वर जातात. 1978 पासून ओळीने ऐकायला बसलात तर 1984 च्या आसपास दम निघेल, आणि पुढचं चांगलं तसंच राहून जाईल. या माणसाचा माल दोन टोकांना आहे, मधला पट्टा खडकाळ. म्हणून क्रम मोडूनच ऐकायचं.

आधी गाणी उतरवून घ्या. गावात नेटवर्क संध्याकाळी सगळे मोकळे झाले की मरतं, पहाटे बरं चालतं. द प्लेझर प्रिन्सिपल हा साधारण 41 मिनिटांचा अल्बम 128 केबीपीएसला (हे आवाजाच्या दर्जाचं माप, आकडा मोठा तितका दर्जा बरा) 40 एमबीच्या आसपास बसतो, 320 ला 100 एमबी. एवढ्यासाठी कंजुषी नको, 320 घ्या. कमी दर्जात सिंथच्या, म्हणजे सिंथेसायझरच्या, वरच्या सुरांना पत्र्यासारखा आवाज येतो. शोधताना रेप्लिकास हा अल्बम न्यूमनच्या नावाखाली दिसला नाही, तर ट्यूबवे आर्मी टाकून पाहा.

मोबाईलच्या स्पीकरवर ऐकू नका. न्यूमनच्या गाण्याचा अर्धा जीव खालच्या सुरात आहे आणि तो एवढ्याशा स्पीकरमधून निघतच नाही. उरतो नुसता नाकातला आवाज, मग माणूस म्हणतो यात काय आहे. दोन-तीनशे रुपयांचा वायरचा इअरफोन चालतो, रबरी बोंडं कानात घट्ट बसली पाहिजेत, नाहीतर खर्ज गळून जातो. मे महिन्यात कूलर सुरू असेल तर त्याची घरघर नेमकी याच खर्जावर बसते, तेव्हा लाईन गेल्यावर ऐकलेलं बरं. रात्रीच्या ओलिताला किंवा जागलीला वावरात ऐकणार असाल तर एकच कान भरा. दुसरा कान रानडुकरासाठी आणि पायाखालच्या सापासाठी मोकळा हवा.

सुरुवात द प्लेझर प्रिन्सिपलपासून. सप्टेंबर 1979 चा हा अल्बम ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेला. यात गिटार नाही. बेस गिटार आहे, खरे ड्रम आहेत, व्हायोलाही आहे. पण जिथे रॉकमध्ये गिटार असते तिथे मिनीमूग हा सिंथ बसवलाय. मिनीमूगवर एकावेळी एकच सूर वाजतो, मात्र तो सूर तीन ऑसिलेटर, म्हणजे सूर निर्माण करणारे भाग, मिळून काढतात आणि ते एकमेकांपासून केसभर सरकवता येतात. भजनी मंडळाची पेटी जुनी झाली की एकाच स्वराच्या दोन पट्ट्या थोड्या सरकतात आणि सूर लहरत, जाड ऐकू येतो. तेच इथे मुद्दाम केलेलं असतं. त्याच्या वर जो लांबच लांब, मानवी गळ्यासारखा थंड सूर पसरलेला असतो, तो पॉलिमूग या दुसऱ्या सिंथचा व्हॉक्स ह्युमाना. हा आवाज यंत्रात तयारच यायचा, एक बटण दाबलं की झालं.

पहिल्या खेपेला एअरलेन आणि मेटल ही दोनच गाणी लागोपाठ ऐका. एअरलेनमध्ये शब्दच नाहीत, त्यामुळे कान आपोआप वाद्यांवर जातो. मग कार्स. त्यात गाणं म्हणून झालं की बराच वेळ नुसती यंत्रं वाजत राहतात. इथे पुढे ढकलू नका, खरी गंमत याच भागात आहे. लंडनच्या रस्त्यावर काही माणसं अंगावर आल्यावर गाडीची दारं लावून आत बसण्याच्या प्रसंगावरून ते सुचलं. पत्र्याच्या पेटीत सुरक्षित वाटणं, एवढाच विषय. ॲपवर या अल्बमला मागून जादाची गाणी चिकटवलेली असतात; मूळ अल्बम दहा गाण्यांचा आहे आणि इंजिनियर्सला संपतो. तिथेच थांबा, नाहीतर शेवटाचा ठसा पुसला जातो.

दुसऱ्या दिवशी रेप्लिकास. आर फ्रेंड्स इलेक्ट्रिक हे पाच मिनिटांवर जाणारं गाणं, ना धड ध्रुवपद, ना नाचायला ठेका, मध्ये तर चक्क बोलणं. तरी 1979 च्या उन्हाळ्यात चार आठवडे पहिल्या क्रमांकावर होतं. अर्धवट राहिलेली दोन गाणी जोडून ते बनलं. हे कळल्यावर पुन्हा ऐका, सांधा सापडतो. डाउन इन द पार्क त्याच्या आधी सिंगल म्हणून, म्हणजे सुटं गाणं म्हणून, आलं आणि पडलं होतं. आज ऐकताना ते कमी वाटत नाही. तिसरा टेलिकॉन, 1980 चा. वुई आर ग्लास आणि आय डाय: यू डाय ही दोन्ही सिंगल्स मूळ ब्रिटिश रेकॉर्डवर नव्हती, म्हणून तुमच्या यादीत आहेत का ते बघून घ्या.

इथून थेट 2017 वर उडी मारा: सॅव्हेज. तापमानवाढीने पृथ्वीचं वाळवंट झालंय आणि उरलेली माणसं कशीबशी तगताहेत, हा त्याचा विषय. चंद्रपूरच्या उन्हात बसून ऐकणाऱ्याला हे समजावून सांगावं लागत नाही. ब्रिटनमध्ये तो दुसऱ्या क्रमांकावर गेला, त्याच्या आधी कित्येक वर्षं असं यश नव्हतं. माय नेम इज रुइनमध्ये त्याच्या मुलीचा, पर्शियाचा आवाज आहे. मग मागे या: 2013 चा स्प्लिंटर, 2000 चा प्युअर. प्युअर सगळ्यात जड, एका बैठकीत अर्धाच घ्या. 2021 चा इंट्रूडर सॅव्हेजनंतर लगेच ऐकलात तर तेच पुन्हा चाललंय असं वाटेल, त्याला आठवडाभराचं अंतर द्या.

दोन्ही टोकं कानात बसली की मगच मधलं. बिघाड कुठे झाला ते ऐकताना कळतं. 1981 च्या एप्रिलमध्ये वेम्बलीला निरोपाचे कार्यक्रम करून तो मंचावरून उतरला आणि लोकांचा धागा तुटला. (विमान उडवायचं वेड होतं. छोट्या विमानाने जगाला फेरी मारायच्या पहिल्या प्रयत्नात तो भारतात उतरला, तर हेरगिरी आणि तस्करीच्या संशयावरून धरला गेला.) 1981 चाच डान्स हा अल्बम नावाप्रमाणे नाही, संथ आणि लांब आहे, मिक कार्न या बेसवादकाचा फ्रेटलेस (दांडीवर पट्ट्या नसलेला) बेस त्यात सापासारखा सरकतो. त्यातलं क्राय, द क्लॉक सेड हे गाणं रात्री ऐका. हा अल्बम उगाच बदनाम आहे. 1982 चा आय, असॅसिनही धरण्यासारखा. 1983 च्या वॉरियर्सपासून मात्र दुसऱ्यांचं पाहून पेरणी सुरू होते: फंकचा ठेका, सॅक्सोफोन, मागे बायकांचे कोरस. न्यूमनचा गळा सपाट आहे. भोवती मोकळी जागा असली तर तो भेदक वाटतो, गर्दी केली की बुडतो. सोयाबीन दाट पेरलं की नुसतं वाढतं आणि शेंगा धरत नाही, तसंच.

पुढे स्वतःच्या न्यूमा या रेकॉर्ड कंपनीकडून बर्सर्कर, द फ्युरी आणि स्ट्रेंज चार्म हे तीन अल्बम आले. यांतल्या काहींची गाणी लांबवलेल्या रूपातही मिळतात. छोटी रूपं मिळाली तर तीच घ्या. बर्सर्करचं शीर्षकगीत आणि स्ट्रेंज चार्ममधलं एखाददुसरं एवढं पुरे. मेटल रिदम हा अल्बम अमेरिकेत न्यू अँगर नावाने निघाला, तेव्हा दोन वेगळे अल्बम समजून दोनदा डेटा घालवू नका.

नवीन काही लावलं की पहिल्या दीड मिनिटात तीन गोष्टी बघा: त्याच्या मागे कोण गातंय, बेस टुणटुण उड्या मारतोय की एका जागी ठाण मांडून आहे, आणि सूर संपल्यावर शांतता उरते का. मागे कोरस, उड्या मारणारा बेस आणि शांतता नाही, असं असेल तर बिनधास्त पुढे जा.

1992 च्या मशीन + सोलमध्ये तिन्ही दोष एकत्र आहेत, वर प्रिन्स या अमेरिकन गायकाचं गाणंही पुन्हा गायलंय. तो शेवटी ऐका, एकदाच, आणि लगेच त्याच्या पाठोपाठ 1994 चा सॅक्रिफाइस लावा. रेडिओवर वाजलं पाहिजे हा नाद सोडून त्याने जवळपास सगळं एकट्याने केलेला हा अल्बम. पहिल्या गाण्यातच कोरस गायब झालेला ऐकू येईल.