नवा स्नेअर आला म्हणून जुना ड्रमसेट विकायला काढू नका

नवा ब्रासचा स्नेअर, म्हणजे खाली तारा लावलेला ड्रम, इंदुरात रामबागेतल्या घरी आणला, त्यावर चार ठोके दिले, मग हात जुन्या टॉमवर, म्हणजे बिनतारांच्या ड्रमवर गेला आणि तिथेच थांबला. पत्र्याचा डबा! याच सेटवर मी बारा वर्षं गणपतीचे कार्यक्रम वाजवले होते. दुसऱ्या दिवशी तो विकायचं जवळजवळ ठरलं होतं. तुमचंही असं झालं असेल, तर आठवडाभर थांबा आणि आधी हे करा.

नव्या स्नेअरवर हेड, म्हणजे ताणलेला पडदा, तोही नवाच असतो, हे आपण विसरतो. म्हणून त्याचं वरचं हेड काढून तुमच्या जुन्या १४ इंची स्नेअरवर चढवा आणि वाजवा. माझा निम्म्याहून जास्त फरक तिथेच मिटला. खालचं हेड तर मी कधी बदललंच नव्हतं. ते फार पातळ असतं, तिथे काठी लागू देऊ नका. तारा तपासा, एखादी वाकली असेल तर तीच खरखरते, तेवढी दोन्ही टोकांशी कापून टाका.

थोर पखवाजवादक नाना पानश्यांच्या या इंदुरात पखवाजी बसण्याआधी डाव्या तोंडाला ताजी कणीक लावतो. वाद्य दर वेळी लावून घ्यायचं असतं. आपण ड्रमवाले मात्र हेड फाटायची वाट बघतो, आणि याचं मला खरंच वाईट वाटतं.

हेड उतरवलंच आहे तर शेलची, म्हणजे ड्रमच्या पोकळ अंगाची, कड बघून घ्या. मी रात्री स्वयंपाकघरातला ग्रॅनाइटचा ओटा पुसून घेतला, दिवा मालवला, टॉम त्यावर पालथा ठेवला आणि वरून आत मोबाइलचा टॉर्च धरला. कड सरळ असेल तर खालून उजेड येत नाही. फ्लोअर टॉम, म्हणजे जमिनीवर उभा राहणारा मोठा टॉम, स्वच्छ निघाला. १२ इंची टॉमच्या एका बाजूला मात्र नखाएवढी उजेडाची फट दिसली. तो टॉम कितीही ताणला तरी सुरात का यायचा नाही, ते तेव्हा कळलं. अशी कड घरी घासू नका, जाणत्या हातात द्या.

आता लावणं. हेड ताणणारे सगळे रॉड (कडेचे स्क्रू) आधी बोटांनी घट्ट करा, मग चावीने समोरासमोरचे, अर्धा-अर्धा फेरा. पुढे पाव फेरा. प्रत्येक रॉडपासून इंचभर आत काठीने हलकं टोकत जा; तबल्याची घरं मिळवतात तसंच, सगळीकडे एकच सूर यायला हवा. घाई केलीत तर पुन्हा पहिल्यापासून.

झांजांचं मात्र वेगळं. स्वस्त सेटबरोबर येतात त्या बहुधा पितळी पत्र्याच्या, म्हणजे तांबं आणि जस्त. चांगल्या झांजा काशाच्या, त्यातल्या उत्तम मिश्रणात ८० टक्के तांबं, २० टक्के कथील. पितळीला कितीही पुसा, तो आवाज येणार नाही. पुढचे पैसे तिथे घाला. आणि स्टँडच्या दांड्यावर प्लास्टिकची नळी आहे ना ते आजच बघा; नसेल तर लोखंड झांजेचं भोक खात जातं.

शेवटी दुसऱ्या कुणाला वाजवायला बसवा आणि स्वतः दहा फुटांवरून ऐका. ड्रममागे बसून आवाज वेगळाच कळतो.

माझा जुना स्नेअर आता हाय-हॅटच्या (पायाने वाजवायच्या झांजांच्या जोडीच्या) डावीकडे, थोडा उंच ताणून लावलाय. १२ इंची टॉम अजून कड दुरुस्तीला आहे.