जोडीदार परदेशी, नातं समलिंगी: निवासाच्या हक्कासाठी मोहीम कशी उभी करावी

समलिंगी जोडप्यातला एक जण देशाचा नागरिक आणि दुसरा परदेशी असेल, तर त्यांचा संसार व्हिसाच्या तारखेवर चालतो. विरुद्धलिंगी जोडप्याला लग्नाच्या दाखल्यावर जो परवाना मिळतो, तो यांना अनेक देशांत मिळत नाही. हे बदलायला निघालेल्या बहुतेक गटांची सुरुवात 'आधी लग्नाचा कायदा होऊ दे' इथून होते, आणि त्यात वर्षं जातात. थांबायची गरज नसते. दक्षिण आफ्रिकेत समलिंगी विवाह 2006 साली कायदेशीर झाला, पण परदेशी जोडीदाराचा प्रश्न तिथल्या घटनात्मक न्यायालयाने 1999 मध्येच सोडवला होता. परकीयांच्या कायद्यात पती किंवा पत्नी एवढाच उल्लेख होता. त्यापुढे 'किंवा कायमस्वरूपी समलिंगी सहजीवनातला जोडीदार' असं वाचावं, असा आदेश न्यायालयाने दिला.

म्हणून पहिलं काम म्हणजे अडसर नेमका कुठे आहे ते शोधणं. मूळ कायदा, त्याखालचे नियम आणि अधिकाऱ्यांसाठीच्या अंतर्गत सूचना असे तिन्ही थर स्वतंत्रपणे वाचा. व्याख्येत 'स्त्री-पुरुष' असं स्पष्ट लिहिलं आहे, की व्याख्या मोकळी असून अधिकारीच अर्थ आकसून घेतात? सूचनांमध्ये अडत असेल तर मंत्र्याच्या सहीने काम होतं. ब्रिटनमध्ये 1997 साली सरकारने लग्न न झालेल्या जोडीदारांना, समलिंगी धरून, नियमांबाहेरची सवलत दिली. ती नियमांत आली 2000 मध्ये. अमेरिकेत मात्र 1996 च्या एका संघीय कायद्याने विवाहाची व्याख्याच स्त्री-पुरुषांपुरती बांधून टाकली होती. तिथे इमिग्रेशन खात्यावर कितीही मोर्चे नेले तरी खात्याचे हात बांधलेले होते. संसद किंवा सर्वोच्च न्यायालय हे दोनच रस्ते उरले. ज्याच्या हातात अधिकार नाही त्याच्या दारात वर्षभर बसणं, ही या मोहिमांमधली सगळ्यात नेहमीची चूक.

अडसर सापडला की मागणी एका वाक्यात लिहा आणि सोबत दुरुस्तीचा मसुदा तयार ठेवा: कुठलं कलम, कुठला शब्द काढायचा, कुठला घालायचा. 'आम्हाला समान वागणूक द्या' असं निवेदन फाइलला लागतं आणि तिथेच राहतं.

आता जोडप्यांची माहिती. प्रत्येक जोडप्याचं एक पान करा: दोघांचं नागरिकत्व, कधीपासून एकत्र, कुठला अर्ज केला, नकाराची तारीख, नकारपत्रातलं कारण शब्दशः, किती महिने वेगळं राहावं लागलं, मुलं किंवा अवलंबून असलेले आईवडील. कित्येकांनी अर्ज केलेलाच नसतो, कारण नकार ठरलेला असतो. त्यांचंही पान करा आणि ज्या नियमामुळे अर्ज शक्य नाही तो त्यावर लिहा. नकारपत्राची मूळ प्रत लाखमोलाची असते. कोलोरॅडोतल्या बोल्डर इथे 1975 साली रिचर्ड ॲडम्स आणि अँथनी सलिव्हन यांनी लग्न करून ग्रीन कार्डासाठी अर्ज केला, तेव्हा आलेल्या अधिकृत उत्तरात समलिंगी पुरुषांसाठीची शिवी छापलेली होती. सरकारी लेटरहेडवरची ती ओळ आजही त्या काळच्या वागणुकीचा पुरावा आहे.

संमती एकदा घेऊन भागत नाही. नाव न देता आकडेवारीत वापरणं, लोकप्रतिनिधीला बंद दाराआड सांगणं, माध्यमांत नाव-फोटोसह येणं, या तिन्हींसाठी वेगवेगळी सही घ्या, आणि ती कधीही मागे घेता येईल हे कागदावर लिहा. इथे निष्काळजीपणा झाला तर नुकसान भरून येत नाही. परदेशी जोडीदार पर्यटक किंवा विद्यार्थी व्हिसावर असेल, तर 'मला इथेच कायम राहायचंय' हे त्याचं मुलाखतीतलं एक वाक्य पुढच्या व्हिसाला नकार मिळायला पुरतं, कारण असे अनेक व्हिसा परत जाण्याच्या हमीवर मिळतात. त्याच्या मायदेशात समलैंगिकता गुन्हा असेल तर तिथल्या नातेवाइकांनाही धोका असतो. म्हणून छापण्याआधी प्रत्येक मजकूर इमिग्रेशनच्या वकिलाच्या नजरेखालून गेलाच पाहिजे. फोटोत घराचा नंबर, गाडीची पाटी, ऑफिसचं ओळखपत्र दिसत नाही ना, तेही पाहा. शंका असेल तर नागरिक असलेल्या जोडीदारानेच बोलावं.

लोकप्रतिनिधीकडेही त्यालाच पुढे करा. मतदार तोच आहे. तिघे जा: तो स्वतः, कायदा जाणणारा एक जण आणि टिपणं घेणारा एक जण. वीस मिनिटं मिळतील असं धरा आणि एक पान हातात द्या. पहिला प्रश्न बहुधा खोट्या नात्यांचा येतो. त्यावर चिडू नका, उत्तर तयार ठेवा: विरुद्धलिंगी जोडप्यांना जी तपासणी लागू आहे (एकत्र भाडेकरार, सामायिक बँक खातं, वेगवेगळ्या मुलाखती) तीच आम्हालाही लावा. अमेरिकेत या मागणीसाठी वारंवार मांडलेल्या विधेयकात फसवणुकीची शिक्षाही खोट्या लग्नाइतकीच ठेवली होती: पाच वर्षांपर्यंत तुरुंगवास आणि 2,50,000 डॉलरपर्यंत दंड. भेटीनंतर दोन दिवसांत आभाराचं पत्र पाठवा आणि काय ठरलं ते त्यात लिहून टाका.

मित्र जोडताना नेहमीच्या वर्तुळाबाहेर जा. हाँगकाँगमधल्या 'क्यूटी' खटल्यात (तिथे नोकरीला आलेल्या परदेशी स्त्रीच्या समलिंगी जोडीदाराला व्हिसा नाकारल्याचा खटला) बड्या बँका आणि कायदा कंपन्यांनी बाजू मांडायची परवानगी मागितली. न्यायालयाने ती दिली नाही, पण कुशल माणसं आणायची तर त्यांच्या जोडीदाराला दार बंद करून कसं चालेल, हा मुद्दा सगळ्यांपर्यंत पोचला. जुलै 2018 मध्ये अंतिम न्यायालयाने हीच विसंगती दाखवत जोडीदाराच्या बाजूने निकाल दिला, तोही तिथल्या विवाह कायद्याला हात न लावता.

मोठ्या विधेयकाला आपलं कलम जोडून घेताना मात्र सावध राहा. 21 मे 2013 रोजी अमेरिकी सिनेटच्या समितीत समलिंगी जोडीदारांची दुरुस्ती मागे घेतली गेली, कारण तिच्यामुळे अख्खं इमिग्रेशन विधेयक बुडेल अशी भीती होती. तडजोडीच्या टेबलावर सगळ्यात आधी असंच कलम सुटतं. म्हणून स्वतंत्र विधेयक जिवंत ठेवा आणि बरोबरच्या संघटनांशी आधीच बोलून ठेवा.

न्यायालयात जायची घाई करू नका. ॲडम्स-सलिव्हन यांच्याविरुद्ध 1982 मध्ये गेलेला अपील न्यायालयाचा निकाल पुढे तीस वर्षं इतरांच्या आडवा आला. दुसरीकडे, अमेरिकेतलं कुलूप उघडलं ते वारसा कराच्या खटल्याने: 26 जून 2013 चा 'विंडसर' निकाल, ज्यात सर्वोच्च न्यायालयाने 1996 च्या कायद्यातली ती व्याख्या रद्द केली. तेव्हा कर, पेन्शन, विमा या विषयांवर लढणाऱ्या वकिलांच्या संपर्कात राहा. तुमचा निकाल तिकडूनही येऊ शकतो.

निकाल लागला की खरी चिकाटी लागते. युरोपीय संघाच्या न्यायालयाने जून 2018 मध्ये 'कोमन' खटल्यात, रोमानियन नागरिकाच्या अमेरिकी नवऱ्याला निवासाचा हक्क आहे, असा रोमानियाविरुद्ध कौल दिला, तरी त्या जोडीदाराला परवाना मिळेना. तैवानने 2019 मध्ये समलिंगी विवाह मान्य केला, पण जोडीदाराच्या देशात असा विवाह मान्य नसेल तर नोंदणी होत नव्हती. ती अट बहुतेकांसाठी जानेवारी 2023 मध्ये सुटली. म्हणून पहिल्याच आठवड्यात खात्याला लेखी विचारा: अर्जाचे नमुने कधी बदलणार, अधिकाऱ्यांना सूचना कधी जाणार, ज्यांच्या देशात लग्नच शक्य नाही त्यांचं काय, आणि जुने नकार पुन्हा उघडणार का. अमेरिकेत 23 फेब्रुवारी 2011 नंतरचे असे नकार खात्याने आपणहून उघडायला घेतले. त्याआधी नाकारलेल्यांना 31 मार्च 2014 पर्यंत स्वतः कळवावं लागणार होतं. अशी मुदत तुमच्याकडे असेल, तर ती देश सोडून गेलेल्या प्रत्येक जोडप्यापर्यंत पोचवा. त्यांचे पत्ते तुम्ही गोळा केलेल्या पानांवरच असतील.