मे महिन्याची गाणी: थोडी निवडा, पुन्हा पुन्हा ऐका

मे महिन्यासाठी गाणी निवडायची असतील तर पहिला नियम हा, की सात-आठच्या वर घ्यायची नाहीत. मोबाइलमध्ये हजारो गाणी मावतात आणि तेवढी भरून घेऊन लोक सुट्टीला गावी येतात. परत जाताना त्यातलं एकही त्यांच्या ओठांवर बसलेलं नसतं. आमच्याकडे, वेंगुर्ल्याच्या बाजूला, मे म्हणजे आंबा-काजूची घाई, रातांबे (कोकमाची फळं), लग्नं, पाहुणे आणि दुपारचा घामट उकाडा. निवांत बसून गाणं ऐकायला फुरसत मिळत नाही. ते हातातल्या कामाबरोबरच ऐकावं लागतं, आणि काम रोजचं असल्यामुळे गाणंही रोज ऐकता येतं. ही सोय वर्षातल्या दुसऱ्या कुठल्या महिन्यात नसते.

आमसुलं करताना ज्यांनी पाहिलंय त्यांना माझं म्हणणं लगेच पटेल. रातांबा फोडून बिया काढायच्या, सालं उन्हात घालायची, मग मीठ घातलेल्या रसात बुडवायची, परत ऊन, परत रस. पुटं चढत जातात तसा लाल रंग काळ्याकडे झुकतो आणि आंबटपणा आत मुरतो. एका उन्हात आमसूल होत नाही. गाणंही पहिल्या ऐकण्यात आपलं होत नाही. पहिल्यांदा ऐकून "ठीक आहे" म्हणून पुढे ढकललेली कितीतरी गाणी चौथ्या-पाचव्या वेळी उघडतात, फक्त तोवर आपण थांबायला हवं.

नवं गाणं शोधायचं कुठे

ॲप जी यादी पुढे करतं ती बहुतेक आपण आधी ऐकलेल्याच्या आसपासची असते. त्यामुळे निदान निम्मी गाणी ॲपबाहेरून आणा. रेडिओ लावा. आकाशवाणीची केंद्रं आपल्याकडे आहेत, विविध भारती तर १९५७ पासून आहे. रेडिओचं मोठेपण हे, की पुढचं गाणं आपल्या हातात नसतं आणि आवडलेलं लगेच पुन्हा लावता येत नाही. त्यामुळे कान टवकारून ऐकलं जातं.

दुसरा झरा म्हणजे घरातली वडीलधारी माणसं. त्यांना "तुमचं आवडतं गाणं कोणतं?" असं विचारू नका, कुणालाच पटकन आठवत नाही. "तुमच्या लग्नाच्या वर्षी लाउडस्पीकरवर काय वाजायचं?", "घरात पहिला रेडिओ आला तेव्हा काय लागायचं?", "गावच्या नाटकात कुठलं पद होतं?" असं विचारा. सासूबाईंना मी हा नाटकाचा प्रश्न विचारला आणि त्या रातांबे फोडता फोडता 'गर्द सभोती' गुणगुणायला लागल्या. गावातल्या हौशी मंडळींनी देवळासमोर नाटक केलं होतं, तेव्हापासून ते पद त्यांच्या डोक्यात आहे. शोधल्यावर सगळं सापडलं: वसंत कानेटकरांचं 'मत्स्यगंधा', साल १९६४, संगीत जितेंद्र अभिषेकींचं, आणि गाणाऱ्या आशालता वाबगावकर. अभिषेकी मूळचे मंगेशीचे, म्हणजे आमच्यापासून खाडी ओलांडली की पलीकडच्या गोव्याचे. सासूबाईंना ते कळलं तेव्हा त्या म्हणाल्या, "मगे आमचोच तो!" त्या महिन्यातलं माझं सगळ्यात जास्त वाजलेलं गाणं तेच.

दशावतार, म्हणजे आमच्याकडची पारंपरिक नाटकं, आणि भजनाची डबलबारी चुकवू नका. मे संपेपर्यंत कुठे ना कुठे काहीतरी असतंच, पाऊस आला की मग मंडप उतरतात. दशावतारात नट स्वतः गातो, हार्मोनियम आणि पखवाजाच्या साथीवर, आणि त्याच पदाला आजचा रंग उद्या नसतो. डबलबारीत दोन बुवा एकमेकांना गाण्यातून उत्तरं देतात. कित्येकदा अभंगाला चाल बांधलेली असते एखाद्या जुन्या गाण्याची, आणि ती चाल मूळ कुठली हे शोधण्यात आठवडा मजेत जातो. तिथे रेकॉर्डिंग करायचं असेल तर आधी बुवांना किंवा दशावतारी कंपनीच्या मालकांना विचारा. बहुतेक जण आनंदानं हो म्हणतात. फोन उंच धरून मागच्यांची नजर अडवू नका, पेटीच्या बाजूला खाली बसलात तर आवाजही चांगला येतो.

अर्धवट आठवणाऱ्या गाण्याचं नाव काढणं

कुठेतरी रेकॉर्ड वाजत असेल, हळदीत किंवा एसटीत, तर शझामसारखं ॲप उघडून फोन आवाजाच्या दिशेला धरा. हे ॲप आधी प्रसिद्ध झालेल्या रेकॉर्डिंगशी आवाज ताडून बघतं, म्हणून समोर कुणी प्रत्यक्ष गात असेल तर त्याचा बहुधा उपयोग होत नाही. नुसती चाल आठवत असेल तर गुगलच्या ॲपमध्ये गुणगुणून शोधायची सोय आहे. दहा-पंधरा सेकंद नीट गुणगुणा, शब्द नसले तरी चालतात.

पण मराठी गाण्यासाठी सगळ्यात भरवशाचा मार्ग म्हणजे आठवणारी ओळ देवनागरीत टाइप करणं. मुखड्यापेक्षा अंतऱ्यातली ओळ घ्या, कारण मुखड्याचे शब्द दहा गाण्यांत असू शकतात. 'आठवणीतली गाणी' या संकेतस्थळावर शब्द, कवी, संगीतकार, गायक, आणि पुष्कळ ठिकाणी रागसुद्धा दिलेला असतो. व्हिडिओच्या शीर्षकावर विसंबू नका. तिथे गायकाचं नाव असतं, कवीचं अनेकदा नसतंच, आणि संगीतकार म्हणून भलत्याचं नाव चिकटवलेलं असतं. कवीचं नाव काढल्याशिवाय गाणं यादीत घ्यायचं नाही, हा माझा हट्ट आहे. पुढच्या सगळ्या वाटा तिथूनच फुटतात.

एकाच गाण्याची पाच रूपं सापडतील: मूळ ध्वनिमुद्रण, कार्यक्रमातलं, नव्या गायकाचं, ठोका वाढवलेलं. सगळी एकदा ऐका आणि मग एकावर ठाम राहा. महिनाभर तेच. रूप बदलत राहिलं की कान तुलना करत बसतो आणि गाणं मुरत नाही.

धागा धरून पुढे जाणं

माझ्या मते खरा आनंद यातच आहे. एक गाणं आवडलं की त्याच्या कवीचं दुसरं शोधायचं, मग संगीतकाराचं तिसरं. असं केलं तर सात-आठ गाणी एकमेकांना ओळखतात.

'ये रे घना' घ्या. मेच्या शेवटी, आभाळ भरून येतं पण पडत नाही तेव्हा हे गाणं ऐकण्यासारखं दुसरं सुख नाही. आवाज आशा भोसल्यांचा, संगीत हृदयनाथ मंगेशकरांचं आणि शब्द आरती प्रभूंचे. आरती प्रभू म्हणजे चिं. त्र्यं. खानोलकर, जन्म १९३०, गाव बागलांची राई, आमच्याच वेंगुर्ला तालुक्यातलं. हे कळल्यावर तो घन कुठल्या आभाळातला ते वेगळं सांगावं लागत नाही. तिथून 'समईच्या शुभ्र कळ्या'कडे जा. तोच कवी, तोच संगीतकार, तोच आवाज, आणि भाव मात्र पार निराळा. हे गाणं दिवेलागणीला लावायचं, भर दुपारी नाही. मग गावच्या वाचनालयातून आरती प्रभूंचा एखादा कवितासंग्रह आणा आणि चाल न लागलेल्या कविताही वाचा. गाणी ऐकून कान तयार झालेला असतो, त्यामुळे कवितेतली लय आपोआप सापडते.

वेंगुर्ल्याचा दुसरा धागा मंगेश पाडगावकरांचा. जन्म वेंगुर्ल्यातलाच, १९२९ चा, म्हणजे खानोलकरांपेक्षा एका वर्षानं मोठे. त्यांचं 'शुक्रतारा मंद वारा' तुम्ही ऐकलेलं असणार, पण श्रीनिवास खळ्यांच्या संगीताकडे लक्ष देऊन ऐकलंय का? अरुण दाते आणि सुधा मल्होत्रा दोघंही किती हलक्या आवाजात गातात, शब्द कसा अलगद ठेवतात, तेवढंच धरून एक संध्याकाळ ऐका.

तिसरा धागा समुद्राचा. 'मी डोलकर' आपल्या किनाऱ्यावर सगळ्यांना पाठ आहे, लग्नात हमखास वाजतं. ते शब्द शांता शेळक्यांचे. त्यांचा जन्म इंदापूरचा, पुणे जिल्ह्यातल्या देशावरचा. संगीत हृदयनाथांचं, आणि लताबाईंबरोबर गाणारे हेमंतकुमार बंगालचे. एवढ्या लांबच्या माणसांनी कोळ्याच्या तोंडची बोली इतक्या प्रेमानं उचलली, याचा मला फार आदर वाटतो. याच तिघांमुळे, म्हणजे शांताबाई, हृदयनाथ आणि लताबाई, 'वादळ वारं सुटलं गो' आपल्याकडे आलं. दोन्ही लागोपाठ ऐका, एकात दर्याचा रुबाब आहे आणि दुसऱ्यात घरी वाट बघणारीचा जीव.

वेळ ठरवून द्या

प्रत्येक गाण्याला एक काम किंवा एक वेळ नेमून द्या आणि ती शक्यतो मोडू नका. माझी वाटणी अशी: सकाळी सालं उन्हात घालताना नाट्यपद, आंबे पेटीत भरताना कोळीगीतं (हात भराभर चालतात), दुपारी गाणं अजिबात नाही. दुपारी झोपलेल्या माणसांचा मान ठेवावा. तिन्हीसांजेला आरती प्रभू. रात्री जेवणं उरकल्यावर खळ्यात, म्हणजे अंगणात, सगळ्यांनी मिळून एकच गाणं. मुंबईहून आलेली पोरं पहिले दोन दिवस कुरकुरतात, "काकी, परत तेच?" म्हणून. आठवड्यानं तीच पोरं अंतरा सुरू व्हायच्या आधी म्हणायला लागतात. सासूबाईंचं ठरलेलं असतं, "लाव गो, माका आवडता."

पहिल्या आठवड्यातली ऐकणी अशी करा. एकदा हातात काहीही न घेता पूर्ण गाणं. मग शब्द समोर ठेवून. मग शब्द सोडून नुसत्या वाद्यांवर लक्ष. मग गायिका श्वास कुठे घेते ते बघायचं, त्यानं ओळीचा अर्थ कळतो. यानंतर कामाबरोबर लावायला मोकळीक. शब्द वहीत स्वतःच्या हातानं लिहून काढा, स्क्रीनवर वाचलेले लक्षात राहत नाहीत. वहीत बाजूला एवढंच टिपा: कुणाकडून मिळालं, कुठे ऐकलं, कुठल्या वेळेला.

आवडतं गाणं गजराला किंवा रिंगटोनला कधीही लावू नका. गजर नकोसा होतो आणि गाणं बिचारं त्याच्याबरोबर जातं. एखादं गाणं ऐकताना मन दुसरीकडे जायला लागलं, किंवा बोट आपसूक पुढच्या गाण्याकडे वळलं, तर त्याला चार दिवस सुट्टी द्या. परत लावाल तेव्हा ते ताजं असेल.

नेटवर्क, वीज आणि ऊन

गाणी आधीच डाउनलोड करून ठेवा. अर्ध्या गावांत रेंज अंगणाच्या एका कोपऱ्यातच मिळते. कोकण रेल्वेनं येत असाल तर बोगदे आहेतच, रत्नागिरीजवळचा करबुड्याचा एकटाच साडेसहा किलोमीटरचा, आणि नेटवर चालणारं गाणं नेमकं अंतऱ्यात तुटतं. स्पॉटिफायवर डाउनलोड केलेली गाणी चालू राहायला महिन्याभरात एकदा तरी ॲप नेटशी जोडावं लागतं, म्हणून निघायच्या आदल्या रात्री ते उघडून घ्या. वळवाच्या पावसात वीज गेली की पुढचे तास सांगता येत नाहीत. घरात सेलवरचा छोटा रेडिओ ठेवा, त्याच्यासारखा सोबती नाही. फोन आणि स्पीकर उन्हात ठेवू नका. फोन साधारण ३५ अंशांपर्यंतच्या हवेसाठी बनवलेले असतात आणि आपल्या अंगणातलं ऊन त्याच्या कितीतरी पुढे जातं. समुद्रावर नेलात तर स्पीकर वाळूवर न ठेवता पिशवीत अडकवा. आवाज आपल्या चटईपुरताच असू द्या, शेजारच्या माणसाला लाटांचा आवाज ऐकायचा असतो.

महिना संपताना

मृगाच्या आसपास, म्हणजे जूनच्या पहिल्या आठवड्यात, यादी बंद करा. तिला वर्षाचं नाव द्या आणि त्यानंतर तिच्यात काही घालू नका, काढूही नका. जूनमध्ये सापडलेलं गाणं जूनच्या यादीत. गावाहून परत जाणाऱ्या प्रत्येकाला वहीतलं एक पान उतरवून द्या, कवीच्या नावासकट, आणि त्याच्याकडून पुढच्या मेसाठी एक नवीन गाणं मागून ठेवा. अट एकच सांगा, ते त्यानं स्वतः कुणाच्या तरी तोंडून ऐकलेलं असलं पाहिजे.