किट स्पोर्ट्स कार घरी सांभाळायची तर इंजिन नंतर, आधी नट, पाइप आणि फायबर

किट कार म्हणजे सुट्या भागांत घेऊन घरी जोडायची गाडी, आणि त्यातली लोटस सेव्हन छापाची गाडी म्हणजे चौकोनी पाइपांची चॅसी (सांगाडा), बाजूला रिव्हेट मारलेला ॲल्युमिनियमचा पत्रा, नाक आणि मडगार्ड फायबरचे, आणि सगळं मिळून वजन ५००-६०० किलो. लोटस या इंग्लिश कंपनीने १९५७ ला मूळ सेव्हन काढली तेव्हा इंग्लंडात सुट्या भागांत घेतली की परचेस टॅक्स लागत नसे म्हणून लोक घरीच जोडायचे, १९७३ पासून केटरहॅम ही दुसरी कंपनी तीच गाडी बनवतेय. म्हणजे ही गाडी मुळात घरी उघडायलाच केलीय, लिफ्ट बिफ्ट काही लागत नाही, पार्किंगमध्ये बसून सगळं होतं. आरटीओचे कागद सुटलेले आहेत असं धरून चालतोय, नसतील तर आधी ते बघा, तो वेगळाच विषय आहे.

लोक विचारतात इंजिनाचं काय. इंजिनाचं काही नाही. मारुतीचं १.३ असेल तर नाशकात कुठलाही जुना मेकॅनिक ते डोळे मिटून करून देतो, पार्टही मिळतात. पण चॅसीला तडा गेलाय का, कुठला नट फिरलाय, नाकाच्या फायबरला जाळं का पडलंय हे त्याला कळणार नाही कारण अशी गाडी त्याच्याकडे कधी आलेलीच नसते. ते आपणच बघायचं.

वेळ सांगायची तर दसऱ्याच्या आसपास, पाऊस पूर्ण थांबल्यावर. खड्डे खाऊन आणि पाणी पिऊन जे व्हायचं ते तोवर झालेलं असतं.

जॅक लावताना पत्र्याच्या फ्लोअरला अजिबात लावू नका, लगेच वाकतो. जिथे दोनतीन पाइप एकत्र येतात तिथे लाकडाचा ठोकळा ठेवून लावा, मग चारही बाजूंनी स्टँड, आणि स्टँडशिवाय खाली डोकं घालायचं नाही, गाडी हलकी असली तरी माणसापेक्षा जडच आहे.

आता नट-बोल्ट. हलक्या गाडीत सस्पेन्शन कडक असतं, साउंड डेडनिंग वगैरे काही नाही, त्यामुळे इंजिनाची आणि रस्त्याची सगळी थरथर थेट चॅसीत जाते आणि बोल्ट हळूहळू ढिले होतात. प्रत्येक बोल्ट टॉर्क रेंचने बघा, अंदाजपंचे पाना मारून नाही. तुमच्या किटचं मॅन्युअल असेल तर त्यातला आकडा खरा. नसेल तर ८.८ ग्रेडच्या कोरड्या बोल्टला साधारण एम८ ला (म्हणजे ८ मिमी जाडीच्या बोल्टला) २५, एम१० ला ४५ ते ५०, एम१२ ला ८० ते ८५ न्यूटन मीटर. ग्रेड बोल्टच्या डोक्यावर छापलेला असतो, काहीच छापलं नसेल तर तो बोल्ट सस्पेन्शनला लावायचा नाही, नाशकात सातपूर-अंबडच्या एमआयडीसीत चांगले बोल्ट सहज मिळतात तर दहा रुपये कशाला वाचवायचे. नायलॉक नट (आत नायलॉनची रिंग असलेला, आपोआप न सुटणारा) एकदा उघडला की नवा घाला. आणि सायलेन्सरजवळ नायलॉक नको, आतलं नायलॉन गरमीने मऊ पडतं, तिथे पूर्ण धातूचा लॉकनट. टाइट केल्यावर नटावरून चॅसीवर पेंट मार्करने एक सरळ रेघ ओढा. पुढच्या वेळी रेघ तुटलेली दिसली की नट फिरला, पाना हातात घ्यायच्या आधीच कळतं.

मग पाइप. सस्पेन्शनचे ब्रॅकेट जिथे वेल्ड केलेत तिथे आणि इंजिन माउंटला वायरब्रश मारा, थिनरने पुसा, टॉर्च मारून बघा. पेंटमध्ये केसासारखी रेघ आणि त्यातून गंज ओघळलेला दिसला की समजा तडा. खात्री नसेल तर डाय पेनिट्रंटचं (तड्यात शिरणाऱ्या रंगाचं) स्प्रे किट घ्या, क्लीनर मारायचा, लाल डाय मारून दहा-वीस मिनिटं थांबायचं, पुसायचं, वर पांढरा डेव्हलपर, तडा असला की लाल रेघ स्वतःच वर येते. तडा सापडला की वरून वेल्डिंग फासून मोकळं व्हायचं नाही. टोकाला छोटं भोक पाडून तो थांबवा, घासून मोकळा करा, आणि एमआयडीसीतल्या आर्गन वेल्डिंगवाल्याकडे न्या, कारण असल्या चॅसीत पाइप बहुतेक १.६ मिमी जाडीचा असतो आणि ग्रिलवाल्याचं आर्क वेल्डिंग त्याला भोक पाडतं. वेल्डिंगआधी बॅटरी सोडा, अल्टरनेटर आणि ईसीयूचे (इंजिनाच्या कॉम्प्युटरचे) प्लग काढा, पेट्रोल टाकी गाडीपासून लांब ठेवा. शेवटचं सोडून बाकी विसरलात तर नुसता खर्च आहे.

पत्रा आणि पाइप जिथे चिकटतात तिथे पाणी अडकलं की ॲल्युमिनियमला पांढरी भुकटी सुटते, दोन धातू आणि ओल, बॅटरीच तयार होते तिथे. रिव्हेट त्याच साइजच्या ड्रिलने उडवा, पाइपाला प्रायमर, मध्ये पीयू सीलंट, मग नवे रिव्हेट. फ्लोअरची पाणी जायची भोकं काडी घालून मोकळी करा.

फायबरचं काम सोपं आहे पण धीर लागतो. वरच्या जेलकोटला, म्हणजे बाहेरच्या गुळगुळीत थराला, कोळ्याच्या जाळ्यासारखे तडे असतील तर बाहेरून पुट्टी मारून काही होत नाही, ते परत येतात. आतून ८० नंबर पेपरने घासा आणि कड उतरती करा, जाडीच्या बारापट लांब, म्हणजे २ मिमीच्या फायबरला अडीच सेंटीमीटरभर. ३०० किंवा ४५० ग्रॅमची (चौरस मीटरला) काचेच्या तंतूंची मॅट दोनतीन थर, वजनाने मॅटच्या दुप्पट-अडीचपट रेझिन, ब्रशने दाबून हवेचे बुडबुडे काढत जायचं.

इथे एक गोष्ट नीट वाचा. आपल्याकडे पॉलिएस्टर रेझिनबरोबर हार्डनर आणि कोबाल्ट (रेझिन लवकर घट्ट करणारा) अशा दोन बाटल्या वेगळ्या देतात. त्या दोन्ही एकमेकांत थेट कधीही मिसळायच्या नाहीत, पेट घेतं, स्फोटही होतो. आधी कोबाल्ट रेझिनमध्ये पूर्ण ढवळा, मगच हार्डनर, वेगळ्या काडीने. हार्डनर १ ते २ टक्के. मे महिन्यात १ च्या जवळ रहा नाहीतर ब्रश भिजायच्या आत डब्यातच दगड होतो, आणि डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे पारा दहाच्या खाली जातो तेव्हा सकाळी करूच नका, दुपारी उन्हात करा. पावसाळ्यात मॅट ओल धरते, तेव्हा हे काम नकोच. एका वेळी २०० ग्रॅमच्या वर कालवायचं नाही. मास्क, गॉगल, ग्लोव्हज, पूर्ण बाह्या, आणि घासकाम गच्चीवर, वाळत घातलेल्या कपड्यांपासून लांब, नाहीतर घरचे सगळे आठवडाभर खाजवत बसतील आणि गाडी विकायचा विषय निघेल.

लाइट लागत नसेल तर बल्बला शिव्या देऊ नका, आधी अर्थिंग बघा. फायबरमधून करंट जात नाही, म्हणून प्रत्येक लाइटची अर्थ वायर चॅसीपर्यंत वेगळी आणलेली असते आणि तिचाच थिंबल (वायरीच्या टोकाची धातूची कडी) गंजतो. काढा, पाइप चकचकीत घासा, परत लावा, वर थोडं ग्रीस.

पेट्रोल होज जुना असेल तर बदलून टाका, आता पंपावर सगळीकडे ई२० (२० टक्के इथेनॉलचं पेट्रोल) आहे आणि जुन्या रबराला इथेनॉल सोसत नाही, आधी फुगतं मग चिरतं. इथेनॉलला चालणारा, एसएई जे३० आर९ छापलेला होज मागा.

ब्रेक ऑइल दोन वर्षांनी. ते हवेतलं पाणी ओढतं, डॉट ४ ग्रेडच्या ऑइलचा उकळबिंदू नवीन असताना कमीत कमी २३० डिग्री, पाणी धरल्यावर तो १५५ पर्यंत येऊ शकतो, आणि कसारा घाट उतरताना पेडल मऊ लागणं कुणालाच नकोय. पेंटवर थेंब पडला तर लगेच पाण्याने धुवा.

नाकातला रेडिएटर छोटा, तोंडही छोटं, पळताना मस्त गार राहते पण नाशकातल्या द्वारका चौकात उन्हाळ्यात जाममध्ये अडकलात की तापमानाचा काटा चढतो. म्हणून घरीच उभ्या गाडीत इंजिन तापवून फॅन वेळेवर लागतो का बघून घ्या.

टायरची हवा गार असताना १८ ते २२ पीएसआय. पंपावरचा पोरगा सवयीने ३२ भरतो, मग एवढ्या हलक्या गाडीला ग्रिप राहत नाही आणि प्रत्येक खडा मणक्यात लागतो. स्वतःचा गेज ठेवा, आणि तो भरताना "किती देते?" विचारेल तेव्हा गप्पांच्या नादात आकड्यावरून नजर हलवू नका.

सगळं जोडल्यावर त्र्यंबक रोडने एक ५० किलोमीटरची फेरी मारा, गाडी पूर्ण गार होऊ द्या, मग चाकांचे नट परत टॉर्कने बघा आणि बाकी बोल्टांच्या रेघा. जी रेघ दुसऱ्यांदा तुटलेली दिसेल तिथला नुसता नट परत आवळू नका, बोल्ट काढून भोक लांबट झालंय का ते बघा.