पाळी खरंच अनियमित आहे का, हे कसं ओळखावं

‘माझी पाळी रेग्युलर नाही’ असं एखादी मुलगी सांगते, तेव्हा मी तिला आधी एकच विचारते: मागची कधी आली होती? उत्तर बहुधा असं येतं, ‘गौरी उठल्या त्याच्या आधी... की नंतर?’ बडोद्यातल्या आपल्या मराठी घरांत दुधाचा हिशोब, गॅस कधी लावला, कामवाल्या बाईंचे खाडे, सगळं भिंतीवरच्या कॅलेंडरवर असतं. पाळीची तारीख मात्र नसते. तारीख नसेल तर पाळी नियमित आहे की नाही हे तुलाही कळणार नाही आणि डॉक्टरांनाही नाही. म्हणून सुरुवात तिथूनच करू.

आधी मोजायला शिक

अंगावरून स्वच्छ लाल जायला लागतं तो पहिला दिवस. आदल्या दिवशी नुसता तपकिरी डाग दिसला असेल तर तो धरायचा नाही. या पहिल्या दिवसापासून पुढच्या पाळीच्या पहिल्या दिवसापर्यंत जितके दिवस जातात, ते तुझं चक्र. पाळी थांबल्यापासून मोजणाऱ्या खूप जणी भेटतात. त्यांचा हिशोब दरवेळी चार-पाच दिवसांनी चुकतो.

दुसरी चूक तारखेची. दर महिन्याला त्याच तारखेला पाळी यायला हवी, असं आपल्याकडे आया आणि आज्याही धरून चालतात. समज तुझं चक्र 28 दिवसांचं आहे आणि पाळी 3 जुलैला आली. पुढची 31 जुलैला येईल, त्यापुढची 28 ऑगस्टला. जुलैत दोनदा आली म्हणून घरात काळजी सुरू होते, पण हे चक्र अगदी नियमित आहे. महिना 30 किंवा 31 दिवसांचा आहे, शरीर त्याच्याशी बांधलेलं नाही.

तुझ्या वयाला काय चालतं ते बघ

प्रौढ बाईचं चक्र साधारण 21 ते 35 दिवसांचं असतं. पाळी नुकतीच सुरू झालेल्या मुलीला हाच नियम लावला तर उगीच घाबरगुंडी होते. पहिली तीन वर्षं 21 ते 45 दिवसांचं अंतर चालतं, त्यातही पहिल्या वर्षी जास्तच मागेपुढे होतं. त्याचं कारण समजून घेण्यासारखं आहे. मेंदूतून निघालेला इशारा अंडाशयापर्यंत पोचून दर महिन्याला एक बीज बाहेर पडावं, ही घडी बसायला वेळ लागतो. ज्या महिन्यात बीज बाहेर पडत नाही, त्या महिन्यात प्रोजेस्टेरॉन हे हार्मोन पुरेसं तयार होत नाही. मग गर्भाशयाचं आतलं अस्तर वेळेवर गळून न पडता जाड होत राहतं आणि उशिरा, पण जोरात बाहेर येतं. ‘दोन महिने आलीच नाही आणि आली तर आठ दिवस थांबेना’ ही तक्रार चौदा-पंधरा वर्षांच्या मुलींकडून येते, ती बहुधा यामुळेच.

रक्तस्राव 2 ते 7 दिवस चालणं सामान्य आहे. एका पाळीत साधारण 30 ते 40 मिली रक्त जातं. 80 मिलीच्या वर गेलं तर ते जास्त समजतात. मिली कोणी घरी मोजत नाही, म्हणून खुणा लक्षात ठेव: तासा-दोन तासाला पॅड भिजणं, रात्री पॅड बदलायला उठावं लागणं, दहा रुपयांच्या नाण्यापेक्षा मोठ्या गाठी पडणं.

तीन महिने लिहून काढ

मोबाइलवर ॲप असलं तरी चालेल, वहीचं शेवटचं पानही चालेल. घरात सगळ्यांना दिसेल असं नको वाटत असेल तर कॅलेंडरवर नुसता एक ठिपका दे. पहिला दिवस, शेवटचा दिवस, सगळ्यात जास्त गेलं त्या दिवशी किती पॅड लागले, दुखलं तर किती आणि गोळी घ्यावी लागली का, एवढं टिपायचं. ॲप पुढची तारीख सांगतं तो मागच्या तारखांवरून बांधलेला अंदाज असतो. ‘सुरक्षित दिवस’ ठरवायला त्याच्यावर विसंबू नको, आणि चक्र अनियमित असेल तर मुळीच नको.

पुढची ओळ मुली लिहीतच नाहीत आणि नेमकी तीच कामाची असते: त्या महिन्यात वेगळं काय घडलं. ताप, परीक्षा, प्रवास, जागरण, नवी औषधं, वजनातला फरक. नवरात्रात नऊ रात्री मध्यरात्रीपर्यंत गरबा, दिवसा कॉलेज, वर उपवास, आणि मग पाळी आठवडाभर लांबली तर त्यात नवल नाही. एखादं चक्र असं सरकतं आणि पुढचं जागेवर येतं.

सलग बिघडत असेल तर कारण शोध

लागोपाठ तीन-चार चक्रं बिघडली, की जागरण आणि ताण यांच्या नावावर ढकलून चालत नाही.

सगळ्यात जास्त ऐकू येतं ते पीसीओडी किंवा पीसीओएस, म्हणजे अंडाशयाच्या कामात आणि हार्मोन्समध्ये होणारा बिघाड. पाळी लांबणं, हनुवटीवर, छातीवर किंवा बेंबीखाली जाड केस येणं, न हटणारी पुटकुळी, मानेच्या मागे आणि काखेत काळपट जाडसर कातडी, या खुणा एकत्र दिसल्या तर तपासणी करायलाच हवी. मानेचा तो काळेपणा घासून जात नाही, कारण तो मळ नसतो. शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नाही याची ती खूण असते. त्यावरून आई किंवा काकू बोलली तर तिलाही हे समजावून सांग. वजन जास्त असलेल्या मुलींनी 5 ते 10 टक्के जरी कमी केलं, तरी पुष्कळ जणींची पाळी सुधारते. पण सडपातळ मुलींनाही पीसीओएस होतो, तेव्हा ‘बारीक हो म्हणजे बरं वाटेल’ हे सरसकट औषध नाही.

उलटंही घडतं. हॉस्टेलवर एकच वेळ जेवणाऱ्या, झटपट वजन उतरवायला निघालेल्या किंवा खेळाचा कडक सराव करणाऱ्या मुलींची पाळी महिनोन्‌महिने बंद पडते. शरीराला पुरेसं अन्न मिळत नसलं की मेंदू अंडाशयाला इशारा देणंच कमी करतो. ‘कटकट गेली’ म्हणून हे सोडून देऊ नको. अशा काळात इस्ट्रोजेन हे हार्मोन कमी पडतं आणि हाडं ठिसूळ होतात. हाडं घट्ट व्हायचं वय हेच आहे.

थायरॉइड कमी असला तरी पाळी बिघडते आणि जास्त जाते. गर्भार नसताना स्तनातून दूध येत असेल तर प्रोलॅक्टिन, म्हणजे दूध तयार करायला लावणारं हार्मोन, तपासावं लागतं. मळमळीची आणि मानसिक आजाराची काही औषधंही ते वाढवतात, म्हणून चालू असलेल्या गोळ्यांची नावं डॉक्टरांना सांगायची. आणि शरीरसंबंध आला असेल तर बाकी काही शोधण्याआधी गरोदरपणाची चाचणी. सकाळच्या पहिल्या लघवीवर कर, तरीही पाळी नाही आली तर आठवड्याने पुन्हा कर. गर्भ राहू नये म्हणून संबंधानंतर 72 तासांच्या आत घ्यायची ती गोळी घेतली असेल, तर त्या महिन्याची पाळी पुढेमागे होऊ शकते.

पपई, तीळ, गूळ खाऊन लांबलेली पाळी येते याला आधार नाही. तीळ-गूळ आवडत असेल तर जरूर खा, कारणावरचा इलाज म्हणून नको.

रक्त कमी आहे का ते पाहून घे

जास्त जाणाऱ्या पाळीचं पहिलं नुकसान इथे होतं आणि घरात ते ‘ही आळशीच आहे’ या नावाने वावरतं. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या 15 ते 19 वयाच्या 59 टक्के मुली रक्तक्षयी निघाल्या. जिना चढताना धाप, केस गळणं, खडू किंवा बर्फ खावासा वाटणं अशी लक्षणं असतील तर हिमोग्लोबिन तपास. 12 च्या खाली असेल तर नुसत्या बिटाच्या कोशिंबिरीने भरून येत नाही, गोळी घ्यावी लागते. शाळेत किंवा अंगणवाडीत मिळणारी निळी लोहाची गोळी आठवड्यातून एक असते, ती रक्तक्षय होऊ नये म्हणून. झालेल्या रक्तक्षयाला डोस डॉक्टर ठरवतील. गोळी घेतल्यावर शौच काळसर होतं, त्याला घाबरू नको. बाजरीचा रोटला, हरभरे, पालेभाजी, खात असशील तर मटण, आणि वर लिंबू पीळ. चहा जेवणानंतर लगेच नको, तासाभराने घे, कारण तो लोह शोषू देत नाही.

यातलं काही असेल तर थांबू नको

पंधरा वर्षं पूर्ण होऊनही पहिली पाळी आली नाही. सुरू झाल्यानंतर एकदा जरी 90 दिवसांपेक्षा जास्त खंड पडला. वर्षाला आठपेक्षा कमी पाळ्या येतात. पहिल्या पाळीपासूनच खूप जातं आणि शिवाय हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त येतं (हा रक्त गोठण्यातला दोष असू शकतो). दर महिन्याला दुखण्यामुळे कॉलेज बुडतं आणि गोळीनेही उतरत नाही. ‘लग्न झालं, मूल झालं की थांबेल’ हे वाक्य ऐकून गप्प बसलेल्या कितीतरी बायकांना पुढे एंडोमेट्रिओसिस (गर्भाशयाच्या अस्तरासारखं अस्तर गर्भाशयाबाहेर वाढण्याचा आजार) निघाला आहे. सोसायचंच असतं, हे कृपा करून कोणत्याही मुलीला सांगू नका.

तासाला एक पॅड भिजतंय, चक्कर येतेय, किंवा पाळी चुकल्यावर पोटात एका बाजूला तीव्र कळ आली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठ.

डॉक्टरकडे जाताना

तुझं टिपण सोबत घे. बडोद्याच्या सरकारी सयाजी हॉस्पिटलमध्ये स्त्रीरोग विभाग आहे आणि तिथे खासगीइतका खर्च येत नाही. राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमाखाली 10 ते 19 वयासाठी सरकारी दवाखान्यांत वेगळी केंद्रंही असतात, जवळच्या आरोग्य केंद्रात चौकशी कर.

‘आतून तपासतील’ या भीतीने मुली जात नाहीत. संबंध न आलेल्या मुलीची आतून तपासणी सहसा करत नाहीत. सोनोग्राफी पोटावरून होते, त्यासाठी पाणी पिऊन लघवी तुंबवून जावं लागतं. काहीही करण्याआधी ‘काय करणार आहात?’ असं विचार आणि सोबत बाई असू दे म्हणून सांग. काही प्रश्न आईसमोर अवघड वाटले तर दोन मिनिटं एकटीशी बोला, असं डॉक्टरांना स्पष्ट म्हणता येतं. साधारणपणे हिमोग्लोबिन, टीएसएच (थायरॉइडची तपासणी), प्रोलॅक्टिन, गरज पडली तर साखर आणि पुरुषी हार्मोन तपासतात.

सोनोग्राफीच्या कागदावर ‘पीसीओडी’ दिसलं म्हणून रडत घरी येऊ नको. पहिल्या पाळीनंतर आठ वर्षांपर्यंत अंडाशयात बऱ्याच छोट्या पुटिका दिसणं नेहमीचं आहे, म्हणून या वयात नुसत्या सोनोग्राफीवरून निदान करायचं नसतं. बाकी लक्षणं आणि रक्ताचे रिपोर्ट बघूनच ठरतं. हार्मोनच्या गोळ्या दिल्या तर त्या कशासाठी आणि किती महिने हे विचारून घे. त्यांनी पुढे मूल होत नाही, ही भीती खोटी आहे. मात्र मैत्रिणीची चिठ्ठी दाखवून त्या आणायच्या नाहीत.

गरब्यासाठी किंवा गौरींसाठी पुढे ढकलायची असेल तर

गौरींच्या नैवेद्याला आणि नवरात्राच्या आधी मेडिकलवर या गोळ्यांसाठी गर्दी होते. माझ्या मते पाळीत गौरीला हात लावल्याने काही बिघडत नाही आणि पॅड बदलायची सोय असली तर गरबाही खुशाल खेळता येतो. तरीही घ्यायचीच असेल तर महिनाभर आधी डॉक्टरांशी बोल. ही गोळी अपेक्षित तारखेच्या साधारण तीन दिवस आधी सुरू करावी लागते, म्हणजे तारीखच माहीत नसेल तर तिचा उपयोग नाही. रक्तात गुठळी झाल्याचा इतिहास तुझा किंवा घरात कुणाचा असेल, यकृताचा आजार असेल, डोळ्यांसमोर झगमगून अर्धशिशी उठत असेल, तर आधी सांगच. ही गोळी गर्भ राहणं रोखत नाही. बंद केल्यावर दोन-तीन दिवसांत पाळी येते. आठवडा उलटूनही आली नाही, तर गरोदरपणाची चाचणी करून पुन्हा डॉक्टरांना भेट.